‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ पहिल्या दिवसापासून बरोबर कसा वाजवायचा

गिटार हातात आली की पहिल्या आठवड्यातच बहुतेक जण डीप पर्पल या रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) वाजवून बघतात. बारा आघात, चार स्वर, दोन तारा. इतकं सोपं दुसरं काही नसेल असं वाटतं, आणि त्यामुळेच तो नीट शिकायची तसदी कुणी घेत नाही. मित्राने एका तारेवर दाखवलेला किंवा जाड पॉवर कॉर्डमध्ये ऐकलेला रिफ हातात बसतो आणि पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो. मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी वाजवला की काहीतरी कमी आहे हे जाणवतं, पण नेमकं काय ते कळत नाही.

कमी पडतात त्या तीन गोष्टी: स्वरांची जोडी, ती छेडण्याची पद्धत आणि मधल्या मोकळ्या जागा. तिन्ही पहिल्याच दिवशी बरोबर शिकता येतात आणि त्यासाठी वेगवान बोटं लागत नाहीत. हा लेख पूर्ण नवख्यांसाठी आहे. गिटार ट्यून करता येते आणि तारांचे क्रमांक माहीत आहेत (सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी), एवढं गृहीत धरलं आहे.

आधी हे गाणं कुठून आलं ते

इतिहास फार लांबवत नाही, पण तो माहीत असला की रिफचा नाद समजायला मदत होते.

डिसेंबर १९७१. रिची ब्लॅकमोर (गिटार), इयन गिलन (गायन), रॉजर ग्लोव्हर (बास), जॉन लॉर्ड (ऑर्गन) आणि इयन पेस (ड्रम) हे डीप पर्पलचे पाच जण नवा अल्बम ध्वनिमुद्रित करायला स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रो गावी आले होते. तिथल्या कसिनोत मुक्काम ठोकून, रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा फिरता स्टुडिओ बाहेर उभा करून काम करायचं ठरलं होतं. ४ डिसेंबरला त्याच कसिनोत फ्रँक झापा आणि त्याच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’चा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन (इशाऱ्यासाठी पेटता गोळा उडवणारी बंदूक) झाडली. छताने पेट घेतला आणि कसिनो जळून गेला. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संचालक क्लोद नोब्स यांनी आत अडकलेल्यांना बाहेर काढायला मदत केली. गाण्यात त्यांचा उल्लेख आहे तो यामुळेच. सरोवरावर पसरलेला धूर बँडने समोरून पाहिला. काही दिवसांनी झोपेतून जागा होताना ग्लोव्हरच्या तोंडून जे शब्द निघाले, तेच पुढे गाण्याचं शीर्षक झालं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यानंतरची. कसिनो गेल्यावर बँडने पॅव्हिलियन नावाच्या रिकाम्या नाट्यगृहात सामान मांडलं. रात्री आवाज इतका घुमला की शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलीस दारावर थडकत होते आणि बँडचे मदतनीस दार अडवून उभे होते. त्या वेळात जो ट्रॅक पुरा झाला तो याच गाण्याचा. शब्द नव्हते, फक्त वाद्यं. बाकीचा अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या रिकाम्या व्हरांड्यांत, भिंतींना गाद्या टेकवून ध्वनिमुद्रित झाला. अल्बमला एक गाणं कमी पडत होतं म्हणून शेवटी या ट्रॅकवर आगीची हकीकत लिहिली गेली. रिफमागे जो मोठ्या खोलीचा श्वास ऐकू येतो तो त्या नाट्यगृहाचा. भरमसाट डिस्टॉर्शन (आवाजाला मुद्दाम दिलेली खरखर) लावून तो मिळत नाही.

‘मशीन हेड’ हा अल्बम मार्च १९७२ मध्ये आला. सिंगल म्हणून गाणं आलं १९७३ मध्ये आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

काय काय लागेल

इलेक्ट्रिक गिटार असेल तर उत्तम, नसेल तर अकूस्टिकवरही पहिले काही आठवडे हेच सगळं शिकता येतं. ब्लॅकमोरने फेंडर स्ट्रॅटोकास्टर आणि मार्शल ॲम्प वापरला. तुम्हाला त्या किमतीत जायची अजिबात गरज नाही. १० ते २० वॉटचा सरावाचा ॲम्प घरी पुरतो. दहा वॉटसुद्धा फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना ऐकू जातात, म्हणून हेडफोनची जागा असलेला घ्यावा.

तारा ०.००९ किंवा ०.०१० इंचाच्या सेटच्या असाव्यात (हे माप पहिल्या तारेचं). त्याहून जाड सेटवर एकाच बोटाने दोन तारा दाबताना नवख्याचं बोट लवकर थकतं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. गंजलेली तार नुसती खरखरत नाही, ती स्वरालाही खोटी पडते, आणि या रिफमध्ये दोन तारा एकमेकींशी जुळणं हाच सगळा खेळ आहे.

ॲम्पची सुरुवातीची मांडणी अशी ठेवा: गेन (आवाज किती खरखरीत होतो ते ठरवणारं बटण) १० पैकी ४ ते ५, बास ४, मिड ६ ते ७, ट्रेबल ६, रिव्हर्ब अगदी थोडा. वेगळा डिस्टॉर्शन पेडल असेल तर तूर्त बाजूला ठेवा. गेन जास्त झाला की नाही हे ओळखायची खूण: दोन तारा एकत्र छेडल्यावर दोन्ही स्वर वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. नुसती घरघर ऐकू येत असेल तर गेन कमी करा आणि तेवढा व्हॉल्यूम वाढवा.

ट्यूनिंग: दोन तारांकडे जास्त लक्ष

नेहमीचंच ट्यूनिंग, जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. रिफ वाजतो तो चौथ्या (डी) आणि तिसऱ्या (जी) तारेवर. मोबाइलवरच्या ट्यूनरने सहाही तारा लावून झाल्या की या दोन पुन्हा एकदा एकत्र छेडून ऐका. डी तार सुमारे १४६.८ हर्ट्झवर आणि जी तार १९६ हर्ट्झवर असते. जुळल्या असतील तर जोडी स्थिर, गोळीबंद वाजते. नाद लाटेसारखा कमी-जास्त होत असेल तर दोहोंपैकी एक तार उतरलेली आहे.

नव्या तारा पहिले दोन दिवस ताणल्या जातात, त्यामुळे दर दहा मिनिटांनी ट्यूनिंग तपासावं लागतं. याचा कंटाळा करू नका.

स्वर: जोडीने शिकायचे

रिफचे मुख्य स्वर चार: जी, बी फ्लॅट, सी आणि डी फ्लॅट. हार्मोनियम येणाऱ्यांसाठी सांगायचं तर षड्ज पांढरी पाच धरा. मग स्वर होतात सा, कोमल ग, शुद्ध म आणि तीव्र म. गिटार हातात घेण्याआधी हे चार स्वर पेटीवर वाजवून गुणगुणले तर कान आधीच तयार होतो, आणि आपल्याकडे पेटी अनेक घरांत असतेच.

पण ही झाली फक्त वरची ओळ. ब्लॅकमोरने प्रत्येक स्वराखाली त्याच्यापासून चौथा उतरता स्वर जोडला आहे. म्हणजे सा वाजताना खाली मंद्र पंचम, कोमल गंधाराखाली मंद्र कोमल निषाद, मध्यमाखाली षड्ज आणि तीव्र मध्यमाखाली कोमल रिषभ. पेटीवर या जोड्या अशा: पांढरी पाच आणि तिच्या खालची पांढरी दोन, काळी पाच आणि पांढरी चार, वरची पांढरी एक आणि पांढरी पाच, वरची काळी एक आणि काळी चार.

गिटारवर हे सगळं आपोआप साधतं, कारण डी आणि जी तारांत नेमकं हेच अंतर आहे. दोन्ही तारा एकाच फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या घरात) दाबल्या की जोडी तयार. म्हणून आकडे एकदाच लक्षात ठेवायचे. शून्य म्हणजे मोकळ्या तारा:

पहिला तुकडा: ० – ३ – ५
दुसरा तुकडा: ० – ३ – ६ – ५
तिसरा तुकडा: ० – ३ – ५
चौथा तुकडा: ३ – ०

तिसऱ्या फ्रेटवर डाव्या हाताची तर्जनी दोन्ही तारांवर आडवी टेकवा. पाचव्यावर अनामिका तशीच आडवी. सहाव्या फ्रेटसाठी दोन मार्ग आहेत: करंगळी आडवी टाकायची किंवा अनामिकाच एक फ्रेट वर सरकवून परत आणायची. करंगळीत सुरुवातीला ताकद नसते, म्हणून अनामिका सरकवलेली बरी. सरकवताना दाब थोडा सैल करा, म्हणजे मधला घसरण्याचा आवाज येत नाही; सहावा आणि पाचवा हे दोन वेगळे आघात आहेत, एकातून दुसऱ्यात घसरत जायचं नाही.

बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे पडलं पाहिजे. पट्ट्यांच्या मधोमध पडलं तर दुप्पट जोर लागतो आणि एखादी तार ताणली जाऊन चढते. दोन तारांपैकी एक चढली की जोडी बिघडली. रिफ ‘बेसूर’ वाजतो अशी नवख्यांची तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा ट्यूनिंग नसतं. गरजेपेक्षा जोरात दाबलेलं बोट असतं.

चौथा स्वरच का, पाचवा का नाही

इथे जरा थांबणं गरजेचं आहे, कारण सर्वांत जास्त चूक इथेच होते. रॉकमधली नेहमीची पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ स्वर आणि त्याच्या वरचा पाचवा, सा आणि प. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटपासून अशा कॉर्ड धरून हा रिफ वाजवणारे असंख्य आहेत. तो जड वाजतो, पण मातकट वाजतो.

ब्लॅकमोरने तीच जोडी उलटी केली: पंचम खाली, षड्ज वर. डिस्टॉर्शन दिलेल्या ॲम्पमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाएवढा एक तिसरा स्वर तयार होतो. १९६ मधून १४६.८ वजा केले की सुमारे ४९ हर्ट्झ उरतात, आणि ४९ हर्ट्झ म्हणजे जी स्वरच, दोन सप्तकं खालचा. तुम्ही मधल्या दोन बारीकशा तारा छेडता आणि ॲम्प तळाचा षड्ज स्वतःहून पुरवतो. म्हणून हा रिफ एकाच वेळी भरीव आणि स्वच्छ वाटतो. नेहमीच्या पॉवर कॉर्डमध्ये खालचे स्वर आधीच जाड तारांवर वाजत असतात. त्यांत हा तिसरा स्वर मिसळला की गर्दी होते.

हे स्वतः ऐकून पाहा. आधी गेन शून्यावर ठेवून डी आणि जी या मोकळ्या तारा छेडा, मग गेन ५ वर आणून पुन्हा छेडा. दुसऱ्या वेळी खालून काहीतरी गुरगुरत उठल्यासारखं वाटेल.

उजवा हात: पिक बाजूला ठेवा

दुसरी मोठी चूक पिकची. पिकने वरून खाली मारलं की आधी डी तार वाजते आणि क्षणभराने जी. फरक फार छोटा असतो, पण त्याने आघाताची धार जाते. ब्लॅकमोर हा रिफ बोटांनी छेडतो. दोन्ही तारा एकाच क्षणी सुटल्या की टाळी पडल्यासारखा स्पष्ट आरंभ मिळतो.

अंगठा चौथ्या तारेवर आणि तर्जनी तिसऱ्या तारेखाली टेकवा. चिमटीत धरल्यासारखं दोघांनी मिळून तारा किंचित बाहेर ओढून सोडा. फार वर ओढलं तर तार फिंगरबोर्डवर आपटून टणत्कार होतो; तो नको. आघात झाला की बोटं पुन्हा तारांवर टेकवली की स्वर लगेच थांबतो. बोट टेकवून थांबवण्याची ही सवय आत्ताच लावून घ्या, पुढच्या पायरीत तिचाच उपयोग आहे.

मोकळ्या तारांकडे येताना आणखी एक अडचण येते. पाचव्या फ्रेटवरून अनामिका उचलताना ती बाजूला घासली तर मोकळ्या तारा आपोआप वाजतात, आणि मग पुढचा आघात दोनदा झाल्यासारखा ऐकू येतो. बोट सरळ वर उचला आणि त्याच वेळी उजव्या हाताची बोटं तारांवर टेकलेली ठेवा. दुसरी बी तार मध्येच गुणगुणत असेल तर डाव्या तर्जनीचा खालचा भाग तिला हलकेच टेकवून ती बंद करता येते.

मोजणी: बारा आघात, त्यांतले पाच मात्रेबाहेर

ताल चार मात्रांचा, रिफ चार बारचा (एक बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन). तोंडाने सावकाश म्हणा: एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि.

पहिला बार: ‘एक’वर ०, ‘दोन’वर ३, ‘तीन’वर ५. मग थांबा. चारनंतरच्या ‘आणि’वर ०.
दुसरा बार: एकनंतरच्या ‘आणि’वर ३, दोननंतरच्या ‘आणि’वर ६, ‘तीन’वर ५. बार संपेपर्यंत धरून ठेवा.
तिसरा बार: ‘एक’वर ०, ‘दोन’वर ३, ‘तीन’वर ५, चारनंतरच्या ‘आणि’वर ३.
चौथा बार: एकनंतरच्या ‘आणि’वर ०, आणि मग बार संपेपर्यंत धरून ठेवा.

नीट पाहिलं तर दुसऱ्या आणि चौथ्या बारच्या पहिल्या मात्रेवर काहीच वाजत नाही. आपल्याला समेवर आघात ऐकायची सवय. इथे सम रिकामी आहे. नवखे नेमके इथेच घसरतात. ते दुसऱ्या तुकड्याचा ० ‘चार’च्या मात्रेवरच वाजवतात, मग पुढचं सगळं अर्धी मात्रा लवकर येतं आणि ड्रमबरोबर वाजवायला लागलं की रिफ ड्रमला सोडून पुढे पळतो. उपाय एकच: पायाने मात्रा धरा आणि मोजणी मोठ्याने म्हणा. मनात मोजणारे हमखास चुकतात.

लांबीकडेही लक्ष द्या. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचे आघात किंचित तोकडे, त्यांच्यामध्ये बारीकशी फट, आणि तुकड्याचा शेवटचा स्वर लांब. सगळे स्वर एकमेकांत वाहू दिले तर रिफ सपाट होतो. या फटींमुळेच ऐकणारा पुढच्या आघाताची वाट बघतो.

सरावाचा क्रम

मूळ गाण्याची लय मिनिटाला सुमारे ११२ मात्रांची आहे. त्या लयीत सोळा मात्रांचा रिफ सुमारे साडेआठ सेकंदांत संपतो. सुरुवात ६० वर करा, म्हणजे पूर्ण रिफ बरोबर १६ सेकंदांचा होईल.

पहिले दोन-तीन दिवस डावा हात वापरूच नका. फक्त मोकळ्या तारांवर, बाराही आघात योग्य जागी, मेट्रोनोमबरोबर (ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधन). कंटाळवाणं वाटतं, पण लय इथेच बसते, आणि एकदा बसली की पुन्हा शिकावी लागत नाही. मग डावा हात जोडा. पूर्ण रिफ सलग आठ वेळा बिनचूक झाला की लय चारने वाढवा. ८० च्या आसपास बहुतेकांची गाडी अडते, कारण सहाव्यावरून पाचव्यावर यायला वेळ पुरत नाही; तेव्हा फक्त ३ – ६ – ५ एवढाच तुकडा वेगळा काढून घोटा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. बोटांची टोकं दुखायला लागली की थांबा.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मूळ गाण्याशेजारी ऐका. वाजवताना जे कानाला जाणवत नाही ते ध्वनिमुद्रणात लगेच सापडतं.

मोकळ्या तारांवर ताबा राहत नसेल तर हाच रिफ बंद जागेवरही वाजतो: पाचव्या आणि चौथ्या तारेवर ५ – ८ – १०, मग ५ – ८ – ११ – १०, पुन्हा ५ – ८ – १० आणि शेवटी ८ – ५. स्वर तेच, पण तारा जाड असल्याने नाद जरा गोल येतो. एकाच जाड तारेवर ० – ३ – ५ वाजवायची पद्धत मुलांना पहिल्या तासाला आनंद द्यायला ठीक आहे; तिथेच राहू नका.

या रिफने मागे काय ठेवलं

गाणं गाण्याच्या चालीवरून नव्हे तर गिटारच्या तुकड्यावरून ओळखलं जाणं ही हार्ड रॉकची रीत या गाण्याआधीही होती. पण इतक्या थोड्या स्वरांत, इतक्या मोकळ्या जागा ठेवून ते करता येतं हे या रिफने जगाला दाखवलं. दुसरी गोष्ट ऑर्गनची. जॉन लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्पमधून काढून खरखरीत केला आणि गिटारचाच रिफ बरोबरीने वाजवला. ऐकताना आपण ज्याला ‘गिटारचा आवाज’ समजतो, त्यात निम्मा वाटा ऑर्गनचा असतो. एकट्या गिटारवर मूळ नाद का येत नाही याचं हेही एक कारण आहे, आणि त्यासाठी स्वतःला दोष देण्याची गरज नाही.

१९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर मदत उभी करण्यासाठी ‘रॉक एड आर्मेनिया’ या नावाखाली अनेक बँडमधले कलाकार एकत्र आले, तेव्हा त्यांनी हेच गाणं निवडलं. गिलन, ब्लॅकमोर, डेव्हिड गिलमोर, ब्रायन मे, टोनी आयोमी आणि ब्रूस डिकिन्सन हे सगळे त्यात होते. निवड अचूक होती, कारण सगळ्यांना आधीच येणारं दुसरं गाणं सापडणं अवघड. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत दीड हजारांहून अधिक गिटारवादकांनी एकाच वेळी हा रिफ वाजवला. २०१६ मध्ये डीप पर्पलचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. माँत्रोला सरोवराकाठी या गाण्याचं स्मारक आहे आणि त्यावर रिफचे स्वर कोरलेले आहेत.

ऐकायला दोन ध्वनिमुद्रणं पुरेत. एक ‘मशीन हेड’वरचं आणि दुसरं ‘मेड इन जपान’वरचं, ऑगस्ट १९७२ च्या कार्यक्रमांतलं. पहिल्यात रिफ कसा असावा ते कळतं. दुसऱ्यात ब्लॅकमोर तोच रिफ किती मोकळेपणाने वाजवतो ते कळतं. शिकताना पहिलंच समोर ठेवा.

रिफच्या पुढे

रिफ येतो आणि बाकी गाणं येत नाही, ही या गाण्याची नेहमीची रड आहे. खरं तर उरलेलं फार अवघड नाही. अंतऱ्यात मुख्यतः जी आणि मध्ये एफ, आणि इथे मात्र नेहमीच्या पॉवर कॉर्डच वापरायच्या. जी म्हणजे सहाव्या तारेवर तिसरं फ्रेट आणि पाचव्या तारेवर पाचवं. एफ म्हणजे पहिलं आणि तिसरं. ध्रुवपदात सी, ए फ्लॅट आणि जी असा क्रम येतो, मग पुन्हा सी आणि ए फ्लॅट, आणि तिथून थेट रिफ. सी पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून, ए फ्लॅट सहाव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवरून. ए फ्लॅटवरून रिफच्या मोकळ्या तारांवर परतताना हात लांब जातो. तो बदल वेगळा काढून वीसेक वेळा करा.

सोलो शिकायचा तर तिसऱ्या फ्रेटवरच्या जी मायनर पेंटॅटोनिकपासून (पाच स्वरांच्या स्वरमालिकेपासून) सुरुवात करा, पण हे गाणं पूर्ण साथीत वाजवता येईपर्यंत त्याकडे वळू नका.

बँड जमवलात तर प्रवेशाचा क्रम पाळा, कारण गाण्याचं निम्मं नाट्य त्यात आहे. आधी गिटार एकटी. मग ऑर्गन आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी), मग ड्रमचा पूर्ण ठेका, आणि सगळ्यांत शेवटी बास. बासवादक तोवर हात आवरून बसला तरच त्याच्या येण्याने खोली हलते. त्याचं काम रिफ वाजवणं नाही. सहाव्या गिटार तारेच्या एक सप्तक खालच्या ई तारेवर, तिसऱ्या फ्रेटचा जी धरून बारमध्ये आठ सारखे आघात देत राहणं हा पाया आहे. त्यानेही रिफच वाजवला तर समेवरच्या रिकाम्या जागा उघड्या पडतात आणि ठेका लंगडतो. ऑर्गन नसेल तर साध्या कीबोर्डवर रॉक ऑर्गनचा नाद निवडून त्याच जोड्या वाजवायला सांगा, आवाज गिटारपेक्षा थोडा खाली ठेवून.

गायकाला चाल सोपी वाटेल. अंतऱ्याची पट्टी फार उंच नाही, आणि शब्द म्हणजे घडलेल्या घटनांची सरळ हकीकत असल्याने ते लांबवत, आळवत न बसता सांगितल्यासारखे म्हणावेत.

शेवट मात्र आधी ठरवून ठेवा. अल्बमवर गाणं हळूहळू विरत जातं, आणि मंचावर तसं करता येत नाही. सगळ्यात सुरक्षित मार्ग असा: शेवटच्या ध्रुवपदानंतर रिफ दोनदा पूर्ण वाजवा, दुसऱ्या वेळी चौथ्या बारच्या पहिल्या ‘आणि’वरचा जी सगळ्यांनी एकत्र मारून धरून ठेवा, आणि ड्रमरने मान हलवली की सगळ्यांनी एकदम तारांवर हात टेकवा.